शिंगांना पंचेचाळीस टक्के

स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत १ लाख सह्या जमवल्या की कुणालाही थेट राज्यघटनेत दुरुस्ती सुचवता येते. मग गाईची शिंगं घटनेच्या दारात यायला कितीसा उशीर! कोवळ्या वासराच्या शिंगाच्या कोंबावर तापलेलं लोखंड टेकवतात, की पुढे शिंग फुटतच नाही. एका डोंगरी शेतकऱ्याला हे पाहवेना. शिंगं राखणाऱ्याला अनुदान द्या, म्हणून त्याने सह्या जमवल्या आणि नोव्हेंबर २०१८मध्ये अख्खा देश शिंगांवर मतदानाला बसला. शिंगं पडली, पण सुमारे ४५ टक्के मतं घेऊन. आपल्याकडे एवढ्यात सरकारं येतात. गाईंना मत नव्हतं म्हणावं, तर तिथल्या बायकांनाही देशपातळीवर ते १९७१मध्येच मिळालं, तेही पुरुषांनी मतदान करून दिलं तेव्हा.

याच मतदारांनी २०१२मध्ये सहा आठवड्यांची पगारी रजा दोन तृतीयांश मतांनी नाकारली. म्हणे, धंद्याला परवडणार नाही. पुढे २०२४मध्ये पेन्शनचा तेरावा हप्ता मात्र ५८ टक्क्यांनी मंजूर. त्याचे पैसे कुठून आणायचे, हे प्रस्तावात लिहिलेलंच नव्हतं.