चालवतच आण की! पारावरच्या मंडळास अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
ट्रॅक्टर वाहतूक सल्लागार मंडळ (विनानोंदणी, विनामोबदला),
मारुतीसमोरचा पार, जि. बीड.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, पंजाबात मोग्याच्या मंडीत आम्ही जुना ट्रॅक्टर घेतला, पन्नास एचपीचा. ही बातमी घरच्यांच्या आधी पारावर पोचली, आणि तो गावाकडे कसा आणावा याविषयी मंडळाचे ठराव तेव्हापासून फोनवर सुरू आहेत. विचारलेलं नसताना इतकी तत्परता सरकारी खात्यात दिसत नाही. म्हणून एकेकाला वेगळं उत्तर न देता सर्वांना मिळून लिहितो. चावडीवर वाचून दाखवायला हरकत नाही.

ठराव पहिला, एकमताने मंजूर: ‘भाडं कशाला घालवतोस? चालवतच आण की! चाकं कशाला दिलीत त्याला?’

चाकं भाजीच्या हातगाडीलाही असतात, पण ती ढकलत कोणी बीडहून पंजाबला जात नाही. तरीही कबूल करतो की तुमच्या बाजूने साक्षात भूगोल उभा आहे. राष्ट्रीय महामार्ग ५२ संगरूरला सुरू होतो आणि हिसार, जयपूर, कोटा, इंदूर, धुळे, संभाजीनगर असं करत आपल्या बीडवरून पुढे सोलापूरकडे जातो. मोग्याहून संगरूर गाठलं की वळायची गरजच नाही, नाकासमोर चालायचं. सगळं मिळून अंतर सतराशे किलोमीटरच्या घरात.

आता हिशोब. टॉप गिअरला ट्रॅक्टर तासाला तीस किलोमीटर पळतो. गावं, गतिरोधक, गुरं, चहा धरून पंचवीसच पडतात. म्हणजे अडुसष्ट तास बसून. ट्रॅक्टरच्या दिव्यांवर आणि महामार्गावरच्या ट्रकवाल्यांच्या दयेवर भिस्त ठेवून रात्री चालवण्याची माझी तयारी नाही, म्हणून दिवसा आठ तास. साडेआठ दिवस झाले. तासाला चार लिटर डिझेल धरा, २७२ लिटर. लिटरला नव्वद रुपयांनी साडेचोवीस हजार. वर दोन माणसांचं खाणं, झोपणं आणि पाठीला लावायचं मलम.

हा झाला दिसणारा खर्च. न दिसणारा टायरांचा. शेतीच्या टायरांच्या उंच खाचा मातीत रुतण्यासाठी असतात. गरम डांबरावर त्या खोडरबरासारख्या झिजतात. मागच्या दोन टायरांची नवी जोडी चाळीस-पन्नास हजारांना पडते. शिवाय अडुसष्ट तास इंजिन झिजणार ते वेगळंच. तेवढ्या तासांत पंचवीस-तीस एकर नांगरट उरकते. म्हणजे एका हंगामाचं काम डांबरावर सांडून, जमिनीला एक फाळही न लागता, मी गावात दाखल होणार आणि तुम्ही म्हणणार, भाडं वाचवलं पठ्ठ्याने!

यावर अण्णांनी फोनवर ऐतिहासिक दाखला दिला. ‘ती पंजाबची पोरं नाही का ट्रॅक्टर घेऊन दिल्लीला गेली?’ गेली ना. नोव्हेंबर २०२० मध्ये गेली, सिंघू आणि टिकरीच्या सीमेवर बसली आणि वर्षभरानंतर परतली. पण अण्णा, ती हजारोंनी होती. मागे ट्रॉलीत गाद्या होत्या, पीठ होतं, वाटेत गावोगाव लंगर होते, आणि मोग्याहून दिल्ली चारशे किलोमीटरच्या आतच आहे. शिवाय ती तिथे मुक्कामाला गेली होती. मला पेरणीच्या आत घरी यायचंय.

दुसरे सदस्य म्हणाले, महामार्ग नको तर समृद्धीवरून ये, सुसाट येशील. समृद्धीवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावरही तेच. शेतकऱ्याच्या जमिनीतून गेलेल्या रस्त्यावर शेतकऱ्याचं वाहन चालत नाही, यावर मंडळाने स्वतंत्र बैठक घ्यावी. ती बैठक तरी कामाची होईल.

ठराव दुसरा टोचनचा. येणाऱ्या एखाद्या ट्रकमागे साखळीने बांधायचा आणि आणायचा. सूचना उत्तम, पण टोचन केलेल्या ट्रॅक्टरवर स्टिअरिंग आणि ब्रेक धरून सतराशे किलोमीटर कोण बसणार, याची नोंद ठरावात नाही. सूचकाचं नाव मी लिहून ठेवलं आहे.

ठराव तिसरा रेल्वेचा. नवे ट्रॅक्टर रेल्वेने जातात हे खरं. जुन्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून त्यांचे वाहनं नेण्याचे डबे केलेले असतात, अशी अख्खी गाडी कंपनी भरते. एका ट्रॅक्टरसाठी अख्खी मालगाडी आणायची तर वरातीला बँडही सांगा.

ठराव चौथा जरा धोक्याचा आहे. सोबत ट्रॉली घे, वाटेत माल भर, भाडं मार, डिझेल फुकट. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाड्याचा माल वाहता येत नाही. इथे तर नंबर ‘पीबी’चा, कागद अजून दुसऱ्याच्या नावावर आणि चालवणारा मराठी. राजस्थानातल्या हवालदाराला हे तिन्ही समजावून सांगण्याइतकी माझी हिंदी चांगली नाही.

आता तुमच्यापैकी कोणीही न सुचवलेला मार्ग सांगतो. ट्रॅक्टर ट्रकमध्ये घालायचा.

थांबा, ओरडू नका. भरल्या ट्रकचं अॅव्हरेज चार धरा. सतराशे किलोमीटरला ४२५ लिटर डिझेल. ट्रकमध्ये दोन ट्रॅक्टर असतील तर एकाच्या वाट्याला २१२ लिटर, तीन असतील तर १४२. स्वतःच्या चाकांवर आला असता तर हाच ट्रॅक्टर २७२ पिणार होता. म्हणजे चालत येण्यापेक्षा बसून येण्यात डिझेल कमी जळतं. टोल, ड्रायव्हर आणि मालकाचा नफा मिळवा, तरी टायर वाचतात, तास वाचतात आणि मीही वाचतो. हे गणित पारावर कधीच का जमत नाही, तर भाडं खिशातून एकदम जातं म्हणून दिसतं. टायर हळूहळू जातात म्हणून ते कोणी मोजत नाही.

खरी कसरत ट्रक मिळवण्यात आहे. भाडं ठरतं ते अंतरावर कमी आणि ट्रक कुठला आहे यावर जास्त. इथल्या ट्रकला महाराष्ट्रात पाठवायचं तर मालक येण्याजाण्याचं दोन्ही भाडं काढतो. पण रावेरची केळी किंवा लासलगावचा कांदा उत्तरेत उतरवून रिकामा उभा असलेला आपल्याकडचा ट्रक गाठला, की त्याला परत तर जायचंच असतं. ते रिटर्न भाडं. त्यातही घासाघीस करताना हंगाम बघावा लागतो. जालंधरचं बटाट्याचं बियाणं आपल्या मंचरकडे निघालं किंवा अबोहरचा किन्नू निघाला, की त्याच ट्रकवाल्याला तुमच्या ट्रॅक्टरची गरज उरत नाही. अशा वेळी ढाब्यावर दोन दिवस जास्त बसावं, पण पहिल्या दलालाला ‘हो’ म्हणू नये. दलाल भाव सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे न बघता ट्रकच्या नंबरकडे बघावं. ‘एमएच’ दिसला की निम्मं भांडण जिंकलं.

जोडीदार इथेच मिळाले. मंडीत एका बाजूला मराठी कानावर आली, चौकशी केली, तर परभणीचे एक पाहुणे आणि धुळ्याचे एक गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन आमच्यासारखेच चिंतेत बसलेले. तिघांनी मिळून एक ट्रक घ्यायचा ठरला. मग भांडण सुरू झालं कोणाचा ट्रॅक्टर आधी चढणार यावर. धुळ्याच्या गृहस्थांना वाटलं आधी चढणं मानाचं. त्यांना समजावलं की आधी चढला तो सगळ्यांत शेवटी उतरणार, आणि धुळं तर वाटेत पहिलं. मग मान माझ्याकडे आला. तीन ट्रॅक्टर सपाट मावत नाहीत, म्हणून मागच्यांची पुढची चाकं उचलून पुढच्याच्या अंगावर टेकवतात. बघताना पोटात गोळा येतो, पण इथे ते रोजचं आहे.

चढवताना मात्र हात कापले. ट्रक मातीच्या उंचवट्याला मागून लावतात. उंचवटा आणि ट्रकचा पाटा यांत अंतर राहिलं, किंवा चढ खडा असला आणि क्लच झटक्यात सोडला, तर पुढची चाकं हवेत जातात आणि ट्रॅक्टर उलटतो. चढवणाऱ्याने हे काम लोअर गिअरमध्ये, कोणाशी न बोलता केलं. तुमच्यापैकी एकही जण तिथे नव्हता, त्यामुळे ते व्यवस्थित झालं. मग गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक, चाकांना ठोकळे, साखळ्या एक्सलला (स्टिअरिंगच्या दांड्याला बांधली की ती वाकते), बॉनेटला दोरी. आणि उभ्या सायलेंसरच्या तोंडावर रिकामा डबा उपडा घालून तारेने आवळला. वाटेत पाऊस लागला तर पाणी थेट इंजिनात जातं.

आता तात्यांचा प्रश्न, जो त्यांनी खासगीत विचारला पण मी जाहीर उत्तर देतो: ‘तिथे एवढं स्वस्त का देतात? चोरीचा तर नाही?’

तात्या, ट्रॅक्टर मूळचा आपल्याकडचाच असू शकतो. महिंद्राचे ट्रॅक्टर नागपुरात बनतात, जॉन डिअरचे पुण्याजवळ सणसवाडीत. ते नवे होऊन पंजाबला जातात आणि म्हातारे झाले की आपण ते परत आणतो. पंजाबात शेतकऱ्याची जमीन सरासरी ३.६२ हेक्टर, आपल्याकडे १.३४. २०१५-१६ च्या कृषी गणनेचे हे आकडे. ट्रॅक्टर मात्र तिकडे जमिनीच्या गरजेहून जास्त. आणि सगळेच काही हौसेने विकत नाहीत. बँकेच्या कर्जावर नवा ट्रॅक्टर घ्यायचा, तो लगेच कमी भावात मंडीत काढायचा आणि आलेल्या रोखीतून सावकार किंवा मुलीचं लग्न भागवायचं, हा प्रकार इथे जुना आहे. मीटरवर तास फार कमी, टायरांवर नव्याची खूण आणि विकणारा मान खाली घालून उभा, असा ट्रॅक्टर दिसला की समजावं. स्वस्ताईचं तुम्ही एवढं कौतुक करताय, तर ती कोणाच्या घरातून निघाली हेही ऐकून ठेवा. आम्ही घेतलेला तसला नाही. तो चिखलणीत वर्षानुवर्षं राबलेला आहे. भाताच्या चिखलात चाललेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलची सीलं आधी बघावी लागतात, ती बघून घेतला.

चोरीचं म्हणाल, तर कागद ट्रॅक्टरच्या आधी बघितले. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, विक्रीचे २९ आणि ३०, आणि तिथल्या परिवहन कार्यालयाची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८. ही ना-हरकत नसली तर आपल्याकडे नवा नंबर मिळत नाही आणि ट्रॅक्टर आयुष्यभर परप्रांतीय राहतो. ती हातात पडेपर्यंत मी ट्रकवाल्याला विसार दिला नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. नवा स्वस्त झाल्यावर जुन्यासाठी एवढी पायपीट परवडते का, हा प्रश्न रास्त आहे. तो तुमच्यापैकी कोणीही विचारला नाही, म्हणून मीच विचारला आणि दोन रात्री जागून उत्तर काढलं. नव्याचा हप्ता आपल्या कोरडवाहूला झेपत नव्हता, बाकी काही नाही.

ट्रक निघाला आहे. धुळ्यापुढचा औट्रम घाट २०२३ पासून जड वाहनांना बंद, त्यामुळे तिथे वळसा पडणार आणि वेळ पुढेमागे होईल. गावात ट्रॅक्टर उतरवायला उंचवटा लागतो, ट्रकच्या पाट्याइतका, चार फुटांच्या वर. असा बांध गावात एकच आहे, ओढ्याकाठी, आणि तो मा. अध्यक्षांच्या वावरात आहे. परवानगी द्यावी ही विनंती. त्यावरची बोराटी आजच तोडून ठेवावी. ट्रक थांबवून ठेवला तर ड्रायव्हर खोटीचे पैसे लावतो आणि ते मंडळाच्या खात्यावर टाकले जातील.

उतरवताना सर्व सदस्यांनी ओढ्याच्या पलीकडे उभं राहावं. हातवारे करायला हरकत नाही, आवाज येता कामा नये.

कळावे,
आपला,
मंडळाचा एकमेव लाभार्थी

ता. क. नांगरटीसाठी ट्रॅक्टर कधी मिळेल अशी विचारणा चार सदस्यांनी आत्ताच केली आहे. एकराचा दर गावात चालू आहे तोच राहील, डिझेल भरलेलं पाहिजे, आणि दिलेला सल्ला बिलातून वजा होणार नाही.