तीन मिलिमीटर

आमचा धंदा लोखंडाला भोकं पाडण्याचा. भोसरी एमआयडीसीत शेड आहे, आत दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी मशिनं, आहेत आणि माल चाकणला जातो. गाडीवाल्या कंपनीला थेट नाही. तिला जो माल देतो, त्याला जो देतो, त्याला आम्ही देतो. आमचं भोक पुढे कोणत्या गाडीत बसतं ते आम्हाला कुणी सांगत नाही. ते कुठे हवं ते मात्र ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, आणि पाच शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं की डेबिट नोट येते. रिजेक्ट झालेला माल परत यायच्या आधी येते, कारण ती ईमेलने येते आणि माल चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीतून येतो.

समजा, ते भोक आम्हाला आमच्या सोयीने हलवायचं आहे. तर आधी पीपीएपी. म्हणजे अठरा प्रकारचे कागद: ड्रॉइंग, मोजमापं, मटेरियलचं सर्टिफिकेट, कंट्रोल प्लॅन, नमुन्याचा पार्ट. एवढं करून गिऱ्हाइकाची सही झाली तर भोक हलतं. सहसा होत नाही. म्हणून आमची भोकं वर्षानुवर्षं जागच्या जागी आहेत, याचा मला साधा अभिमान होता.

मग ऑफिसातला कॉम्प्युटर गेला आणि नवा मदरबोर्ड घेण्याची वेळ आली.

भाचा आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, त्यामुळे घरात या विषयाला तज्ज्ञ होता. मी त्याला म्हटलं, जुन्याचा पंखा आणि हीटसिंक चांगला आहे, तांब्याचा आहे, तो नव्यावर बसव. तो म्हणाला, ‘मामा, नाही बसणार. भोकं वेगळी आहेत.’

मी व्हर्निअर काढला. जुन्या बोर्डावर प्रोसेसरभोवतीची चार भोकं ७५ मिलिमीटर चौरसात. इंटेलची ही मापं बरीच वर्षं तशीच होती. २०२१ मध्ये एलजीए १७०० सॉकेट आलं आणि ती ७८ झाली. तीन मिलिमीटर! आमच्याकडे तीन मिलिमीटर भोक सरकलं तर सेटर, सुपरवायझर आणि मी, तिघांनाही चाकणच्या मीटिंग रूममध्ये उभं राहून ‘असं का झालं’ याची पाच उत्तरं द्यावी लागतात. इथे जगभरच्या हीटसिंकवाल्यांनी निमूटपणे नवे ब्रॅकेट पाठवले. डेबिट नोट कुणी काढल्याचं ऐकिवात नाही.

त्यातल्या त्यात हे बरं. भोक हललं की निदान दिसतं तरी. २०१५ मधलं ११५१ पिनांचं सॉकेट आणि २०१७ मधलं ११५१ पिनांचं सॉकेट एकाच नावाचं, एकाच मापाचं. पण २०१७चा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही. मेमरीचंही तेच. डीडीआर४ला २८८ पिना, डीडीआर५लाही २८८. मधली खाच तेवढी जराशी बाजूला. ही खाच बघून मला पहिल्यांदा त्या मंडळींबद्दल आदर वाटला, कारण चुकीचा पार्ट बसूच नये अशी खाच आम्हीही फिक्श्चरला ठेवतो. आम्ही तिला पोका-योके म्हणतो आणि भिंतीवर तिचा बोर्ड लावतो. ऑडिटर खूश होतो.

खूश होण्यासारखं तिथेच संपलं. चिपसेट निवडायचा होता. दोन कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. एकीचा बी८५०, दुसरीचा बी८६०. दोन्ही २०२५च्या जानेवारीतच आले. एकावर एकीचा प्रोसेसर बसतो, दुसऱ्यावर दुसरीचा, आणि त्यात अदलाबदल होत नाही. आमच्याकडे दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या पार्टांना असे नंबर दिले असते तर स्टोअरकीपरने राजीनामा दिला असता, आणि मी तो मंजूर केला असता.

चिपसेटनंतर बोर्डाचं नाव. दुकानात काउंटरवरच्या पोराने खोकी मांडली. टोमॅहॉक, मॉर्टार, स्टील लेजेंड. म्हणजे कुऱ्हाड, उखळी तोफ आणि पोलादी आख्यायिका. एकावर ‘मिलिटरी’ असंही छापलेलं. ‘काका, हा घ्या, याला आरजीबी आहे,’ पोरगा म्हणाला. आरजीबी म्हणजे रंगीत दिवे. गणपतीच्या मंडळाला शोभतील असे. मला ड्रॉइंग उघडायचं होतं आणि मशिनला प्रोग्रॅम पाठवायचा होता. दिवे नसलेला बोर्ड मागितला, तर त्याने खालच्या फळीवरून धूळ झटकून एक साधं खोकं काढलं आणि ‘ऑफिसवाला आहे’ म्हणाला. हा शब्द त्याने ज्या स्वरात उच्चारला, त्या स्वरात आमच्याकडे ‘रीवर्क’ म्हणतात.

पुस्तिका तिथेच उघडून वाचली. वाचूनच घ्यावं, असं माझं मत आहे. पोराच्या चेहऱ्यावरून त्याचं वेगळं दिसलं. सात मिलिमीटर उंचीच्या जागेत अकरा भाषा होत्या. मराठी नव्हती, पण त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तळटीपेबद्दल आहे. बोर्डावर चार साटा पोर्ट आहेत, ते खोक्यावर ठळक लिहिलंय. दुसऱ्या एम.२ खाचेत ड्राइव्ह बसवला तर त्यातले दोन बंद पडतात, ते तळटीपेत. दोन खोल्यांचं भाडं घ्यायचं आणि एकीचं दार उघडलं की दुसरीचं आपोआप लागेल, असं करारात बारीक अक्षरात लिहायचं, त्यातला प्रकार.

दुसरी तळटीप: नवा प्रोसेसर बसवला तर आधी बायोस अपडेट करावा. बायोस अपडेट करायला बोर्ड चालू व्हायला हवा. बोर्ड चालू व्हायला त्याला ओळखीचा, म्हणजे जुना, प्रोसेसर हवा. काही बोर्डांना यासाठी मागे वेगळं बटण असतं. ‘ऑफिसवाल्या’ला नव्हतं.

मागच्या बाजूला बसवायची पत्र्याची पट्टी त्याच खोक्यात निघाली. तिच्या कडेवरून बोट फिरवलं. बर होती. सरळसरळ, बोटाला लागणारी बर. प्रेसमधून आली, पिशवीत गेली, कुणी कानस लावली नाही. आमच्याकडे असा एक पार्ट गेला असता तर अख्खा लॉट शंभर टक्के तपासायचा खर्च आमच्या बिलातून कापला गेला असता. पोराला दाखवलं. तो म्हणाला, ‘काका, ती आत जाते, दिसत नाही.’ हे उत्तर मी चाकणला देऊन पाहणार आहे.

आता मूळ काम. आमची जुनी व्हीएमसी प्रोग्रॅम घेते ती सिरियल पोर्टने, आरएस-२३२. तिची मेमरी इतकी तोकडी की मोठा प्रोग्रॅम ओळीओळीने पाजावा लागतो. ड्रिप फीड म्हणतात. यूएसबीचं कन्व्हर्टर लावून पाहिलं होतं. मध्येच ओळ तुटली आणि कटर जॉबमध्ये रुतून बसला. म्हणून सरळ बोर्डावरचाच पोर्ट हवा होता.

पोरगा म्हणाला, ‘सिरियल आता येत नाही, काका.’ मी पुस्तिकेतला नकाशा पुढे केला. खालच्या कडेला नऊ पिना, त्यावर ‘कॉम’ असं लिहिलेलं. त्याने पाहिलं आणि त्यालाच आश्चर्य वाटलं. पोर्ट होता, त्याची वायर आणि ब्रॅकेट मात्र खोक्यात नव्हते. दुसऱ्या एका खोक्यातली वायर त्याने मोठ्या मनाने काढून दिली. तेवढ्यात सोबत आलेल्या भाच्याने मोबाइलवर वाचून सांगितलं की या नऊ पिनांच्या जोडणीच्या दोन पद्धती आहेत, दोन्हींचा कनेक्टर सारखाच दिसतो, सारखाच बसतो, आणि चुकीची लागली तर पोर्ट मुका राहतो. इथे खाच नव्हती.

मी विचारलं, या वायरचं ड्रॉइंग मिळेल का?

‘ड्रॉइंग नसतं,’ पोरगा म्हणाला. ‘लावून बघा. नाही चाललं तर गुरुवार सोडून या.’

गुरुवारी आम्हाला सुट्टी असते. एरवी यायला वेळ नसतो.