एकटा केक

कोलकात्याजवळच्या बजबजचा किल्ला एका पिऊन तर्र झालेल्या खलाशाने एकट्याने घेतला होता. 1756 च्या डिसेंबरात क्लाइव्हची फौज सकाळी हल्ला करू म्हणून रात्री विसावली, आणि स्ट्राहन नावाचा हा गडी झुलत झुलत तटाच्या भगदाडातून आत शिरला. किल्ला घेतला, अशी बोंब ठोकली. मागून बाकीचे धावले. अॅडमिरल वॉटसनने बेशिस्तीबद्दल झापल्यावर, यापुढे जन्मात एकही किल्ला घेणार नाही, असं पुटपुटत तो बाहेर पडला म्हणे.

मी बजबजला बदलीवर आलेला साधा माणूस. शेजारच्या बौदी, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, "दादा, आपनी एकटा केक आनबेन." बंगालीत 'एकटा' म्हणजे 'एक'. अलीपूरच्या जुन्या बागेत मदतनिधीसाठी खाऊचा मेळा होता, तिथे प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं होतं. माझ्या मराठी कानाला ऐकू आलं की मी एकट्याने आणायचा. झालंही तसंच.

ओव्हन नाही. पुण्याहून फोनवर हुकूम सुटले, "अहो, कुकरची शिट्टी काढा, रबर काढा, तळाशी मीठ पसरा, वर डबा ठेवा. आणि मध्ये मध्ये झाकण उघडून बघत बसू नका!" इथवर ठीक होतं. पण हिवाळा होता, बाजारात नोलेन गूळ आला होता. खजुराच्या ताज्या रसाचा तो गूळ, धुरकट वासाचा, हुंगला की साखर विसरायला होते. गरम दुधात ढेप टाकली आणि दूध नासलं. बौदी धावत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि हर्षभराने ओरडल्या, "छाना!" छाना म्हणजे ताजं पनीर. माझी फजिती त्यांच्या घरी शोंदेश मिठाई होऊन गेली. दुसऱ्या घाण्याला दूध सोडून दही घेतलं. सुरी टोचली तर कोरडी निघाली. केक मात्र मधोमध फुगून उभा तडकला होता, रंग भाजक्या विटेचा.

कुकर फडक्यात बांधून लोकल गाठली. स्टेशनच्या नावात आता 'कोमागाता मारू' आहे. 29 सप्टेंबर 1914 ला, कॅनडाने परत पाठवलेल्या त्या जहाजातून उतरलेल्यांवर इथे गोळ्या चालल्या. त्या पाटीखाली माझी चेष्टा बंद असते. याच बजबजला 1897 च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद जहाजातून उतरले आणि आगगाडीने सियालदाला गेले. तिथे त्यांच्या स्वागताला तोबा गर्दी होती. मला गर्दी डब्यातच भेटली.

नंगी आलं. हा भाग फटाक्यांसाठी प्रसिद्ध. एका गृहस्थाने माझ्या गाठोड्याकडे रोखून पाहत विचारलं, "बाजी?" बंगालीत फटाक्याला बाजी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मी हसून म्हणालो, "भाजी ना, केक." त्यांनी फक्त पहिला शब्द ऐकला असावा. आक्रा, संतोषपूर, ब्रेस ब्रिज, थेट माझेरहाटपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा होती. त्या लाइनीवर हे सुख कुणाच्या वाट्याला येतं!

अलीपूरची ती बाग अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची. सोसायटी 1820 मध्ये स्थापन केली विल्यम कॅरीने. म्हणजे ज्याने श्रीरामपुरात बसून 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश छापला, तोच हा! (श्रीरामपूर हुगळीकाठचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे.) मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं. तोवर एका मावशींनी फडकं सोडलं, वास घेतला आणि निकाल दिला, "केक ना, पीठे." पीठे म्हणजे इकडचं हिवाळी पक्वान्न. मराठी माणसाने केलाय म्हटल्यावर एक आजोबा डोळे मिचकावत म्हणाले, "ओ, बर्गी!" बर्गी म्हणजे मराठा स्वार. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांना पावणेतीनशे वर्षं झाली, तरी इथे थकबाकी आमच्याच खात्यावर आहे. शेवटी टेबलावर खडूने लिहिलं गेलं: बर्गी पीठे.

आणि खपला की हो! तडकलेला भाग सगळ्यांना आधी हवा होता, कारण गूळ तिथेच जमला होता.

सोळा तुकडे, वीस रुपयांना एक, एकूण तीनशे वीस जमा झाले. त्यातले चाळीस माझेच.