तात्या विंचूला घाबरा रे!

मुलांना 'झपाटलेला' सिनेमा दाखवायचा घाट मी खरं तर स्वतःसाठीच घातला होता. 1993 साली मला वाटलेली भीती किती अस्सल होती, यावर पुढच्या पिढीची सही हवी होती. म्हणून टीव्हीकडे पाठ करून मी मुलांचे चेहरे न्याहाळत बसलो.

त्यातल्या बाहुलीनं, म्हणजे तात्या विंचूनं, मान फिरवली. धाकटा म्हणाला, "बाबा, याचं तोंड आणि आवाज जुळतच नाहीये." थोरलीनं निकालच दिला, "खाली कुणीतरी हात घालून बसलंय."

कुणीतरी? अगं, ही रामदास पाध्यांची बाहुली! आवाज दिलीप प्रभावळकरांचा! माझं डोकं सणकलं. सिनेमा थांबवून मी जुन्या सिनेमांतल्या करामतींवर व्याख्यानाला उभा राहिलो. बाबूभाई मिस्त्री नावाच्या कसबी माणसानं 1937च्या 'ख्वाब की दुनिया'त वस्तू अधांतरी नाचवल्या. मागे काळा पडदा, वस्तूला काळा दोरा. काळ्यावर काळं कॅमेऱ्याला दिसत नाही, एवढंच गुपित. लोक त्यांना 'काला धागा'च म्हणू लागले! पुढे 1961 साली त्यांनी 'संपूर्ण रामायण' दिग्दर्शित केला. संगणकावर दोरा पुसून टाकायची सोय नव्हती रे तेव्हा. जे काय करायचं ते कॅमेऱ्यासमोरच. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं, पण मी हिच्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा आणला आणि चमचा लोंबकळवून दाखवला. चमचा चहात पडला. आमच्या घरचा पडदा पिवळा आहे, हे थोरलीनं शांतपणे लक्षात आणून दिलं.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. बाहुली नुसती पडून असतानाही लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, असा काही टरकतो की मुलं सोफ्यावरून घसरली. भीतीनं नव्हे, हसून. मी जरासा खट्टू झालो. तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, "बाबा, हा काका भारी आहे. याचा नवीन पिक्चर कधी येणार?"

लक्ष्मीकांत बेर्डे 2004 साली गेले, अवघ्या पन्नाशीत. ही मुलं त्यानंतर जन्मलेली. बाहुली जुनाट दिसली याचा राग एव्हाना निवला होता, पण या प्रश्नाला उत्तर सुचेना.

"नवा नाही रे. जुने मात्र पुष्कळ आहेत," म्हणालो आणि 'थरथराट' लावला. त्यात बाहुली नाही, मुलांनी तक्रारही केली नाही.

तुम्हीही मुलांना जुने सिनेमे दाखवणार असाल, तर एकच विनंती: बसताना तोंड टीव्हीकडे करा. आणि चहा आधी संपवा.