दिसू नये म्हणून

चोराने पहारेकऱ्याच्या प्रेमात पडावं, अशी सोय फार थोड्या खेळांत आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने काढलेल्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’मध्ये ती होती. त्यातला गॅरेट हा चोर लढाईत अगदीच बेताचा. त्याचं सगळं भांडवल म्हणजे सावली. पडद्याच्या तळाशी एक रत्न असे, ते जितकं काळवंडेल तितके आपण सुरक्षित. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर खणखणतं, आणि मशाल आड आलीच तर पाण्याचा बाण मारून ती विझवायची. सर्वांत कठीण पातळीवर तर माणूस मारला की मोहीमच रद्द. मग उरतं काय? कोपऱ्यात उभं राहणं आणि ऐकणं. पहारेकरी शीळ घालत जातात, थंडीला नावं ठेवतात, अस्वलांच्या झुंजीत आता पूर्वीची मजा राहिली नाही म्हणून हळहळतात. आपला पाय चुकून वाजला तर थबकतात, हातभर अंतरावरून काळोखात रोखून बघतात आणि ‘उंदीर असेल’ असं स्वतःचं समाधान करून पुन्हा फेरीला लागतात. त्या शहरातल्या उंदरांच्या नावावर आम्ही किती गुन्हे जमा केले, याचा हिशेब चित्रगुप्तानेही सोडून दिला असेल.

या खेळाला खोलीतही अंधार लागायचा, कारण पडदा इतका काळा की खिडकीतून ऊन आलं तर त्यात गॅरेटऐवजी आपलंच तोंड दिसे. भरदुपारी पडदे ओढून, श्वास धरून मी एखाद्या सरदाराच्या तिजोरीपाशी पोचलेला असायचो, आणि नेमकी तेव्हाच आई ट्यूबलाइट लावायची. “अंधारात काय बसलायस रे? डोळे जातील!” घरातल्या पहाऱ्याला उंदराची सबब चालत नसे.

लपण्याची ही कला रुजली मात्र अडचणीतून. १९८७ साली हिदेओ कोजिमा ‘मेटल गिअर’ रचत होते तेव्हा एमएसएक्स-२ या संगणकाला एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या दाखवणं झेपत नव्हतं. युद्ध परवडेना, म्हणून त्यांनी युद्ध टाळण्याचा खेळ केला. गरिबीतून आलेली ही अहिंसा पुढे श्रीमंतीतही टिकली. कोजिमांचा नायक पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरतो, खोकं हळूहळू सरकत जातं, आणि अण्वस्त्रांच्या तळावर हे खोकं कुणी मागवलं, असा प्रश्न कुणालाच पडत नाही (सरकारी कचेरीत वावरलेल्या माणसाला यात नवल वाटू नये). २००४ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड ३’मध्ये ‘द एंड’ नावाचा एक अतिवृद्ध नेमबाज आहे. जंगलात त्याचा माग काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. पण लढाई अर्धी टाकून, खेळ जतन करून, आठवडाभर दुसरं काही करत बसलं, तर परत येईपर्यंत आजोबा वार्धक्याने गेलेले असतात. आळसाला इतकं सन्मानाने वागवणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

आता लपणं कुठल्याही खेळात मिळतं, कोथिंबिरीसारखं वरून भुरभुरलेलं. जिकडेतिकडे कमरेएवढं गवत उगवलंय. त्यात वाकलं की झालं. भिंतीपलीकडचे शत्रू चमकत दिसतात, त्यामुळे कान टवकारायचं कारण उरत नाही, आणि पकडले गेलोच तर तलवार उपसायची. वाट बघणं तेवढं गेलं. हे लिहिताना त्या अस्वलांवाल्या पहारेकऱ्याचा सूर मला लागतोय, हे कळतं. पण लागू दे.

माझंही मन अंधारातून उठून गर्दीत जाऊन बसलंय. आता मला ‘हिटमॅन’ आवडतो. २०१८ च्या ‘हिटमॅन २’मध्ये त्यातला भाडोत्री मारेकरी एजंट ४७ चक्क मुंबईत उतरतो : उंच, गोरा, टक्कल चकचकीत, डोक्यामागे बारकोड. तो शिंप्याचे कपडे घालतो आणि शिंपी होतो, न्हाव्याचे घालतो आणि न्हावी होतो. कुणी दोनदा वळून बघत नाही. त्याला शोधायचा असतो वझीर काळे, ज्याचा चेहरा कुणाला माहीत नाही. काळे आडनावाच्या माणसाने मुंबईच्या गर्दीत हरवून जावं, यात कसब ते काय? पण मला हे सगळं फार खरं वाटतं. विशीत न दिसणं ही सिद्धी होती, ती काळोखात उभं राहून कमवावी लागे. पन्नाशीकडे झुकल्यावर लग्नाच्या हॉलमध्ये बुफेच्या रांगेत ताटली घेऊन उभं राहिलं तरी ती साधते. वाढपीसुद्धा आरपार बघतो.

म्हणूनच असेल, २०१९ सालचा ‘अनटायटल्ड गूज गेम’ माझा लाडका झाला. मेलबर्नच्या हाउस हाउस या छोट्याशा चमूने केलेल्या या खेळातला नायक एक हंस आहे. आपल्याकडच्या नीरक्षीरविवेकी हंसाशी याचं काही नातं नाही; हा एका शांत इंग्रजी गावात मान खाली घालून झुडपांआडून सरकतो आणि माळ्याच्या किल्ल्या पळवतो. गॅरेटचीच विद्या, फक्त पाय नारिंगी. पण गॅरेटला न मिळालेली एक गोष्ट याला दिली आहे : निव्वळ ओरडण्यासाठी एक बटण. किल्ल्या तळ्यात बुडवून झालेल्या असतात, कुणाला पत्ता लागलेला नसतो, मुकाट्याने सटकायचं तेवढं बाकी असतं. मी माळ्याच्या थेट मागे जातो आणि ते बटण दाबतो. तो दचकतो, वळतो, हात उगारून धावत सुटतो, आणि बागभर आमची पळापळ होते.