बाराचे तेरा

“काय हो ताई, तुम्ही अजून बारावरच?”

“मग काय करू? बारा चांगलं चाललंय की.”

“चाललंय हो. चालतं तोवर सगळंच चालतं.”

इंदिरानगरातल्या आमच्या दोन रो-हाऊसांमधली भिंत छातीएवढी आहे. थंडीत तिच्यावर गोधड्या पडलेल्या असतात आणि गोधड्यांवर कोपरं टेकून पलीकडच्या वहिनी उभ्या असतात. शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी वर्ग सुटलेला नाही. फक्त पटावर आता मी एकटीच उरले आहे. माझं घरबसल्या मराठी टायपिंगचं काम. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प, भाडेकरार, लग्नपत्रिकांचे मजकूर, असलं काहीबाही. ज्या डब्यावर हे चालतं, त्याला दुकानदाराने ‘विंडोज ११ यात बसायचं नाही, नवा घ्या’ म्हणून केव्हाच निकालात काढलं होतं. वहिनींनी त्यात विंडोजच्या जागी फुकटचं डेबियन १२ टाकून दिलं, आणि तेव्हापासून त्या डब्याच्या तब्येतीची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी.

“तेरा येऊन पाच महिने होऊन गेले,” वहिनी म्हणाल्या. “राखीपौर्णिमेला आलं, ९ ऑगस्टला. मी सिन्नरला भावाकडे होते. ओवाळणीचं ताट हातात आणि डोळे मोबाइलवर. भाऊ म्हणाला, अगं, औक्षण माझं आहे, त्या फोनचं नाही.”

“आणि लगेच चढवलंत?”

“छे! मी काय कोपऱ्यावरच्या बंगल्यातला मुलगा आहे? सप्टेंबरात १३.१ आलं, पहिल्या घाईतल्या चुका निस्तरल्या गेल्या, मग दिवाळी उरकून निवांत बसले.”

त्या मुलाचं काय, असं मी विचारायलाच हवं होतं. विचारलं. वहिनींनी रस्त्याकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला.

“सिड टाकतो तो. आईच्या कॉम्प्युटरवर!”

आता हे सिड म्हणजे काय ते सांगायला हवं. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावं असतात. बारा म्हणजे बुकवर्म, ती टॉर्चवाली अळी. तेरा म्हणजे ट्रिक्सी, निळी डायनासोर. आणि सिड म्हणजे त्या सिनेमातला शेजारचा पोरगा, खेळणी मोडून बघणारा. जे अजून पक्कं झालेलं नाही, कालच लिहून आलंय, ते सगळं आधी सिडमध्ये पडतं. ट्रिक्सीची पुढची आवृत्ती येईल, तिच्या पुढची येईल, पण सिड कधीच ‘स्थिर’ म्हणून जाहीर व्हायचं नाही. तो त्याचा धर्मच नाही.

“पुण्याला नोकरी. सुट्टीला आला की आईच्या डब्यात नवंनवं कोंबतो आणि रविवारी संध्याकाळी शिवशाही पकडतो. परवा रात्री अकराला त्यांचा मला फोन, पडदा काळा पडलाय, उद्या लाइट बिलाची शेवटची तारीख. सिड वाईट नाही हो ताई. तिथे कुणीतरी ठेचकाळतं म्हणून आपल्याला ट्रिक्सीची वाट सपाट मिळते. पण घरात एकुलता एक कॉम्प्युटर, त्यावर आईची बिलं, त्यात सिड?”

“आणि तुमचे दीर?”

“त्यांचं दुसरं टोक. २०२१ पासून अकरावर झोपले होते. दिवाळीत जाग आली, तर म्हणाले, मधलं बारा कशाला, थेट तेरावर जातो. अहो, डेबियनवाले स्पष्ट लिहितात, एकच पायरी चढा, अकरावरून बारा, बारावरून तेरा. पण वाचतंय कोण. सगळ्याचं तीन तेरा नऊ बारा झालं आणि शेवटी पुसून नव्याने टाकावं लागलं. फोटो वाचले ते जाऊबाईंनी वेगळ्या डिस्कवर ठेवले होते म्हणून. जाऊबाईंचं कौतुक मात्र कुणी केलं नाही.”

मला यातून एवढंच कळलं की माणसाचा स्वभाव अपग्रेडच्या वेळी जितका उघडा पडतो तितका लग्नाच्या पंगतीतही पडत नसेल. पण माझा प्रश्न तसाच होता. मला तेरात मिळणार काय?

“कर्नल ६.१ चं ६.१२ होईल. लिब्रेऑफिस ७.४ आहे, ते २५.२ होईल.”

“सातावरून थेट पंचवीस?”

“साल आणि महिना घालतात आता. तुमचा डेस्कटॉप, एक्सएफसीई, ४.२० होईल. दिसायला फारसा फरक नाही, आणि चार जीबीच्या डब्याला तेच बरं. ग्नोम, प्लाझ्मा यांचं नावही काढू नका. बाकी पॅकेजं सत्तर हजारांच्या घरात, तुम्ही त्यातली वीसच वापरणार.”

“म्हणजे मला काहीच नको असताना चढवायचं?”

“तारखा बघून चढवायचं. बुकवर्म १० जून २०२३ ला आलं. डेबियनच्या सुरक्षा टीमची नेहमीची काळजी तीन वर्षं, म्हणजे यंदाच्या, २०२६ च्या जूनपर्यंत. पुढची दोन वर्षं, २०२८ च्या जूनपर्यंत, दुसरी मंडळी त्याची डागडुजी सांभाळणार. तेव्हा उद्या सकाळी आकाश कोसळत नाही. पण २०२८ उजाडल्यावर धावपळ करण्यापेक्षा यंदा एखाद्या रिकाम्या आठवड्यात उरकावं.”

हे मला पटलं. नव्याचं कौतुक मला नाही. जुन्याला कोण किती दिवस विचारणार, हा खरा प्रश्न. समोरच्या आप्पांकडे बघितलं की कळतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्यांच्या विंडोज १० चा आधार संपला, एका वर्षाची मुदतवाढ मिळते ती त्यांनी घेतली, आणि आता ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून बसलेत. पुढचं वर्ष म्हणजे हाच ऑक्टोबर.

“बरं, ह्यांचा तो चिमुकला लॅपटॉप आहे ना, ज्यावर ते जुनी नाट्यगीतं ऐकतात, त्यालाही तेराच करू.”

“तो बत्तीस बिटांचा आहे. त्याला तेरा नाही.” वहिनींनी अशा सुरात सांगितलं की आत जाऊन ह्यांना कसं सांगायचं तेच मला कळेना. “तेरात बत्तीस बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. असल्या मशीनवर अपग्रेड करूच नका असं सूचनांमध्येच लिहिलंय. बारा आहे तसं राहू द्या, बँकेचं काम त्यावर करू नका, गाणी ऐका म्हणावं खुशाल. आधी खात्री मात्र करा. कधीकधी प्रोसेसर चौसष्ट बिटांचा असतो आणि आत बत्तीस बिटांचं टाकून ठेवलेलं असतं. तसं निघालं तर पुसून चौसष्टचं तेरा टाकता येतं.”

याच बत्तीसच्या नादात त्यांनी २०३८ ची गोष्ट सांगितली, आणि ती मला सगळ्यांत आवडली. कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत बसलेला असतो. बत्तीस बिटांच्या खात्यात तो आकडा १९ जानेवारी २०३८ पर्यंतच मावतो. पुढच्या सेकंदाला घड्याळ उलटून थेट १९०१ दाखवणार. ट्रिक्सीमध्ये हे खातं मोठं केलंय. फक्त त्या जुन्या बत्तीस बिटी पीसींसाठी नाही केलं, कारण केलं असतं तर त्यांच्यावरचे जुने प्रोग्रॅम चालेनासे झाले असते. २०३८ ला मी कुठे असेन माहीत नाही, पण वीस वर्षांच्या कर्जाचा करार टाइप करताना २०४६ ची तारीख माझ्या हातून आत्ताच जाते. तेव्हा हे अगदीच हवेतलं नाही.

एवढ्यात आप्पा दुधाची पिशवी घेऊन आले आणि फाटकाशी थांबले. आप्पांना स्वदेशी लागतं.

“परक्यांचं कशाला घेता? आपल्या सी-डॅकचं बॉस आहे की. पुण्याची संस्था आपली.”

“आप्पा, बॉस २००७ पासून आहे, आणि ते बेतलंय डेबियनवरच,” वहिनी म्हणाल्या. “नावं छान देतात, तरंग, अनंत, तेजस, ऊर्जा, प्रज्ञा. मराठीची सोयही आहे. घ्यायचं तर घ्या, पण मूळ झरा तोच. डेबियन हलल्यावर मग ते हलणार.”

“आणि तो उबुंटू?”

“तोही डेबियनच्याच घरातला. दर दोन वर्षांनी एप्रिलात त्याची लांब पल्ल्याची आवृत्ती येते. २४.०४ आहे, यंदा २६.०४ येईल. पाच वर्षं फुकट सांभाळतात, नाव नोंदवलं तर घरगुती वापराला दहा. मधल्या आवृत्त्यांचं आयुष्य मात्र नऊच महिने. आणि लांब पल्ल्याच्या जुन्या माणसाला ते पहिल्या दिवशी ‘चढवू का’ म्हणून विचारत नाहीत. पहिली दुरुस्ती-आवृत्ती येईपर्यंत थांबतात.”

“म्हणजे आवडलं मला. थांबणारे लोक आहेत.” आप्पा खुश होऊन गेले. त्यांच्या हातून यातलं काही होईल असं मला वाटत नाही.

आप्पा गेल्यावर खरं काम निघालं. वहिनींनी जे सांगितलं ते मी रद्दीतल्या पाकिटाच्या मागे लिहून घेतलं. आधी घरच्या सगळ्या फाइली वेगळ्या डिस्कवर. मग बारालाच शेवटपर्यंत ताजं करायचं, अर्धवट काही ठेवायचं नाही. बाहेरून जोडलेली ठिकाणं, म्हणजे ब्राउझर वगैरे ज्यांची स्वतःची कोठारं असतात, ती तात्पुरती बंद. बूटचा कप्पा वेगळा असेल तर तो ७६८ एमबीचा आणि त्यात तीनशेएक एमबी रिकामे, नाहीतर नवा कर्नल दारातच अडकतो. मग सोर्सेसच्या यादीत जिथे जिथे बुकवर्म आहे तिथे ट्रिक्सी, सुरक्षेच्या ओळीतही. आधी साधं अपग्रेड, नवी पॅकेजं न घेता. ते सुखरूप झालं की फुल-अपग्रेड.

“मध्ये मध्ये ते विचारेल, ही फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ. तुम्ही स्वतः कधी हात लावलेला नसेल तर नवी घ्या. आणि इन्व्हर्टरची बॅटरी बघून ठेवा. मध्येच लाइट गेली तर अर्धी बारा, अर्धी तेरा असं त्रांगडं होतं. सुटतं ते, पण माझी झोप जाते.”

“आणखी?”

“टेम्प फोल्डरमध्ये काय ठेवता?”

मी गप्प बसले. लोकांनी पाठवलेले स्कॅन मी तिथेच उघडते.

“तेरामध्ये ते फोल्डर डिस्कवर नसतं, मेमरीत असतं. जास्तीत जास्त निम्मी मेमरी खातं. चार जीबीतले दोन तुमचे स्कॅनच खाऊन बसले तर लिब्रेऑफिस रडणार. जुनी सवय मोडायचीच नसेल तर हे बंद करून पुन्हा डिस्कवर आणता येतं, एका ओळीचं काम आहे.”

सवय मोडीन, असं मी म्हटलं. माझी खरी काळजी वेगळीच होती. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. माझा अर्धा धंदा रफारावर आणि दुसरा अर्धा ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’तल्या त्या आडव्या ‘र’वर चालतो. शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग ‘य’, हे बोटांत बसलेलं. एकदा का तिथे काही भलतंच उमटायला लागलं की पन्नास पानांच्या प्रकल्पात कुठे कुठे शोधत फिरणार? जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या फाइलींनी पूर्वी इतका छळ केलाय की मी प्रत्येक बदलाकडे संशयानेच बघते.

“मग चढवण्याआधी चाखून बघा,” म्हणत वहिनी आत गेल्या आणि पेनड्राइव्ह घेऊन आल्या. “यावर ट्रिक्सी जिवंत आहे, एक्सएफसीईवालं. यावरून डबा सुरू करा. तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफायचं फर्मवेअर बारापासून सोबतच येतं, पूर्वीसारखं शोधत फिरायला नको. कीबोर्डमध्ये भारत निवडा, त्यात मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट आहे. तिथे तुमचा सगळा रफार घासून घ्या.”

दुपारी जेवणं झाल्यावर मी बसले. वायफाय लागलं. ‘दुसऱ्याच्या वाऱ्यावर कोऱ्या पोऱ्याने सूर्याला अर्घ्य दिलं’ असलं निरर्थक वाक्य पानभर बडवलं, ठळक करून, तिरकं करून, पीडीएफ करून. एकही ‘र’ जागचा हलला नाही. भावाच्या निफाडच्या द्राक्षबागेच्या निर्यात नोंदणीचं काम माझ्याकडे असतं, ते ब्राउझरातच होतं. तेही पान उघडून बघितलं, नीट उघडलं. मग प्रिंट दिली आणि प्रिंटर ढिम्म.

संध्याकाळी भिंतीशी हे सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, “त्या छोट्या लेझरला कंपनीचा एक वेगळा तुकडा लागतो, तो पेनड्राइव्हवर नसतोच. बारावर आपण टाकला होता ना. तेरावर पुन्हा टाकू, टाकल्याशिवाय मी घरी जाणार नाही.”

“तुमचं घर पलीकडेच आहे, वहिनी.”

“म्हणूनच म्हणते. कधी बसायचं?”

संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, मग लग्नपत्रिकांचा हंगाम, मग मुक्त विद्यापीठाचे प्रकल्प. मार्च संपल्याशिवाय माझ्या डब्याला सुट्टी नाही. एप्रिलचा दुसरा रविवार ठरला आहे. डिस्क मात्र त्या उद्याच घेऊन येणार आहेत, फाइली आत्ताच उतरवून ठेवायला. जाऊबाईंकडून शिकल्या म्हणे.