खलनायक पाहायचाय? वडशाला या

पृथ्वी संपवणं हा आता किरकोळ धंदा झालाय. सुपरहिरोंच्या सिनेमात दर दोन-तीन महिन्यांनी कुणी तरी राखाडी तोंडाचा इसम आभाळाला भोक पाडून खाली उतरतो, चार उंच इमारती पाडतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत मार खाऊन जातो. आपण पार्किंगची पावती शोधेपर्यंत त्याचं नाव डोक्यातून गेलेलं असतं. 2017च्या 'जस्टिस लीग'मधला स्टेपनवुल्फ आठवतो? मला त्याची शिंगं तेवढी आठवतात. शिंगं तर आमच्या बैलांनाही असतात, आणि बैल पोळ्याला तरी आठवतात.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत असला खलनायक एक रात्र टिकायचा नाही. दिवाळी सरली, धान घरात आलं, गावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरल्या की वडशाच्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात गावोगाव फिरतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडता उजाडता संपतं. पहाटे तीनला थंडी हाडात शिरते, पाहुणेरावळे ब्लँकेटात गुरफटून पेंगायला लागतात. त्या वेळी मांडव जागा ठेवायचं काम खलनायकाचं. हाताशी कम्प्युटरची करामत नाही, आहे तो समोर टांगलेला माइक आणि विंगेतला प्रॉम्प्टर.

आणि मागतो काय? ब्रह्मांड नाही. दोन एकर धानाची जमीन. मी पाहिलेला एक सावकार अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानं शाईचा पॅड पुढे सरकवला, म्हातारीचा अंगठा हातात घेतला आणि आधी स्वतःच्या रुमालानं हळूच पुसला. मायेनं. मग टेकवला. मांडवातून अशा शिव्या निघाल्या की पेंगणारी पोरं उठून बसली. सगळा हलकटपणा त्या पुसण्यात होता.

सुपरहिरोपटातल्या थानोसनं 2018 साली चुटकीसरशी निम्मं विश्व नाहीसं केलं. निम्म्या विश्वासाठी रडायचं कसं? म्हातारीच्या अंगठ्यासाठी रडता येतं. तिकडेही लक्षात राहिला तो हीथ लेजरचा जोकर. त्याला ना राज्य हवं होतं ना पैसा. सरळ माणसालाही वाकडं करता येतं, एवढंच दाखवायचं होतं. त्या भूमिकेला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. आपल्या निळू फुल्यांना तर शिंगंही लागली नाहीत आणि रंगवलेलं तोंडही. नुसती नजर फिरली की गावातल्या बाया पदर सावरायच्या.

आता घरची धुणी. आमच्याही रंगमंचावर हल्ली काळा गॉगल, चामड्याचं जाकीट आणि धुराचं यंत्र घेऊन खलनायक येतो. आल्या आल्या दोन मिनिटं नुसता हसतो. का हसतो, ते त्यालाही ठाऊक नसतं आणि प्रॉम्प्टरलाही. हॉलिवूडची नक्कल करायचीच तर त्यांच्या लाइटची करा बाप्पा, खलनायकाची कशाला?

गडचिरोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीपट्टी दिल्लीला कळली. सुपरहिरोवाल्यांना कळायची आहे. त्यांच्यासाठी पत्ता देतो: गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन लागतं. हिवाळ्यात या. ब्लँकेट सोबत आणा, आणि येताना ते शिंगांचे टोप घरीच ठेवा.